रहस्यकथा एकत्र वाचताना: वाचनालयाच्या सभासदांचे नेहमीचे प्रश्न

पुस्तक बदलायला आलेले सभासद देवघेवीच्या काउंटरवर जे विचारतात आणि महिन्यातून एकदा भरणाऱ्या आमच्या रहस्य कट्ट्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. तुमच्या सोसायटीत, महिला मंडळात किंवा गावच्या वाचनालयात असा कट्टा सुरू करायचा असेल तर त्यासाठीही हे उपयोगी पडावं. एक हमी देते: खाली कुठल्याही पुस्तकाचा शेवट सांगितलेला नाही.

मी आजवर एकही रहस्यकादंबरी वाचलेली नाही. सुरुवात कशाने करू?

कादंबरीने नको, कथेने करा. शेरलॉक होम्सच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा आहेत. पहिली कादंबरी १८८७ साली आली, पण लोकांना वेड लावलं ते नंतरच्या कथांनी. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला, आणि आमच्याकडे त्या प्रतींचे कोपरे झिजलेले आहेत. रात्री जेवणं आटोपल्यावर एक कथा सहज वाचून होते. चार-पाच कथा झाल्या की निरीक्षण कसं करायचं याची सवय लागते, बुटावरचा चिखल आणि बाहीवरची शाई आपल्यालाही दिसायला लागते. मग ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ घ्या. १९०१-०२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात ती क्रमशः आली होती, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर पुढचं पान उलटावंसं वाटतं.

इंग्लंडचं धुकं आणि घोडागाडी परकी वाटत असेल तर बंगाली गुप्तहेर फेलूदा घ्या. सत्यजित राय यांनी १९६५ साली ‘संदेश’ या बंगाली मुलांच्या मासिकात त्याला जन्म दिला आणि अशोक जैन यांनी तो सुरेख मराठीत आणला. फेलूदाच्या कथांत गावं, खाणंपिणं, रेल्वेचे प्रवास इतके ओळखीचे आहेत की नवख्या वाचकाला कुठे अडखळायला होत नाही. त्यातली एक कथा वेरूळच्या लेण्यांत घडते, प्राचीन शिल्पं तोडून परदेशी विकणाऱ्यांच्या मागावर. दुसरी आपल्या मुंबईत, हिंदी सिनेमाच्या दुनियेत. वेरूळची आधी वाचा. ती वाचून कैलास लेणं पाहायला गेलात तर एकेका खांबामागे नजर जाते.

रहस्यकथा, गूढकथा, भयकथा, थरारकथा हे सगळं एकच ना? तुम्ही वेगवेगळ्या कपाटांत का ठेवता?

एकच नाही, आणि चुकीचं पुस्तक हाती पडलं की वाचक हिरमुसतो, म्हणून वेगळं ठेवतो. रहस्यकथेत कोडं असतं आणि शेवटी त्याचं बुद्धीला पटणारं उत्तर मिळतं. गूढकथेत उत्तर अर्धवट राहिलं तरी चालतं, उलट तेच तिचं बळ. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचून ज्यांची झोप उडाली त्यांना हे वेगळं सांगायला नको. नारायण धारप भयकथेचे. थरारकथेत ‘कुणी केलं’ यापेक्षा ‘आता पुढे काय होणार’ याला महत्त्व. सीमारेषा पुसट आहेत हे खरं, पण ‘मला खून कुणी केला ते शोधायचंय’ म्हणत आलेल्या माणसाच्या हाती धारप दिले तर दोघांवरही अन्याय होतो.

आमच्या घरी बाबूराव अर्नाळकरांच्या बारीक बारीक पुस्तकांचा गठ्ठा होता. आता ती कुठे मिळतात? आणि आज वाचवतात का?

मिळायला कठीण, वाचायला सोपी.

अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावं एका पिढीला घरच्या माणसांसारखी होती. पुस्तक हाताच्या पंजाएवढं, कागद साधा, कोपऱ्यावरच्या लायब्ररीत दिवसाच्या भाड्याने मिळणारं. पाठ्यपुस्तकात लपवून वाचणारी मुलं होती, आणि मुलांकडून ओढून घेऊन स्वतः वाचत बसणारे वडीलही होते. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला. सुहास शिरवळकरांचे फिरोझ इराणी, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद आले. शिरवळकरांचं नाव आज बहुतेकांना ‘दुनियादारी’मुळे माहीत असतं. त्या एका कादंबरीमागे रहस्यकथांची केवढी मोठी रांग उभी आहे, हे सांगितलं की तरुण सभासद चकित होतात.

आज वाचताना एक लक्षात ठेवा: अर्नाळकरांकडे इंग्रज लेखिका अगाथा ख्रिस्तीसारखे पेरलेले दुवे शोधू नका. तिथे वेग आहे, वेषांतर आहे, पाठलाग आहे, आणि वाक्य इतकं सरळ की चौथीतलं मूलही धडाधड वाचत जाईल. लाखो मराठी माणसांना सलग वाचायची सवय या पुस्तकांनी लावली. ती ‘हलकी’ म्हणून ग्रंथालयांनी नोंदवहीतही नीट घेतली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. काही वर्षांपूर्वी एका जुन्या वाचनालयाने जागा नाही म्हणून अशी पोतंभर पुस्तकं रद्दीत घातली. मला कळलं तेव्हा मी रिक्षा करून गेले, तर तराजू उचलून झाला होता. हाती लागल्या त्या सात प्रती, त्यांतल्या दोघींना शेवटची पानं नव्हती.

म्हणून कळकळीने सांगते, माळ्यावर असा गठ्ठा असेल तर रद्दीवाल्याला देण्याआधी जवळच्या वाचनालयात दाखवा. चार-पाच पातळ पुस्तकं एकत्र करून पुठ्ठा बांधणी केली की ती आणखी कितीतरी वर्षं टिकतात. शोधायची असतील तर जुन्या ग्रंथालयांच्या दाखल नोंदवह्या चाळा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं. अशा संस्थांत जाऊन ग्रंथपालांना लेखकाच्या नावाने विचारा. पुस्तकाच्या नावाने विचारू नका. पातळ पुस्तकांची नावं बऱ्याचदा चुकीची नोंदलेली असतात.

मराठीत अलीकडचं काही सुचवा.

मुरलीधर खैरनार यांची ‘शोध’, २०१५. शिवाजी महाराजांच्या सुरतेच्या लुटीतला हरवलेला खजिना, त्याचा आजच्या काळातला माग, आणि नाशिक-बागलाण परिसरातले डोंगर आणि किल्ले. जाड आहे म्हणून घाबरू नका. आमच्याकडे ती परत येण्याआधीच पुढच्या दोघांची नावं लागलेली असतात. हिच्या लेखकाचं त्याच वर्षाच्या अखेरीस निधन झालं, त्यामुळे वाचून संपवताना मन हलतं.

आणि दिवाळी अंक विसरू नका. ‘धनंजय’ आणि ‘नवल’ यांनी रहस्य, गूढ आणि भयकथा वर्षानुवर्षं सांभाळल्या. नवीन लेखक बहुतेक वेळा आधी तिथेच भेटतात. आमच्या दिवाळी अंक योजनेत हे दोन्ही असतात. मात्र जानेवारीनंतर मागा, त्याआधी हाताशी लागत नाहीत.

ब्योमकेश बक्षी टीव्हीवर पाहिला होता. त्याचा आणि पुण्याचा काही संबंध आहे असं कुणीतरी म्हणालं. खरं का?

अगदी खरं, आणि हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे.

१९९३ साली बासू चटर्जींनी दूरदर्शनवर आणलेला, रजित कपूरने साकारलेला ब्योमकेश आपल्या घराघरांत पोचला. त्याचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय. ब्योमकेश त्यांनी १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या पार्श्वभूमीवर लिहायला घेतला. स्वतःला तो गुप्तहेर म्हणवत नाही, ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो. दहाएक कथा झाल्या आणि शरदिंदूंनी ते लेखन थांबवलं. १९३८ साली ते मुंबईला आले, बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहू लागले. सिनेमाचं काम सोडून १९५२च्या सुमारास पुण्यात स्थायिक झाले, ते कायमचेच. १९७०मध्ये निधन होईपर्यंत पुणं हेच त्यांचं घर होतं.

आणि ब्योमकेश परतला तो या काळात. म्हणजे ज्या कथांमध्ये कलकत्त्याच्या गल्ल्या, मेसमधल्या खोल्या, हॅरिसन रोडचं घर आहे, त्यांतल्या पुष्कळ पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. दूर राहून आपलं शहर किती नेमकं आठवता येतं, हे त्या कथांत दिसतं. मुंबईपुण्याबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना ही गोष्ट सांगितली की ते क्षणभर गप्प होतात. कारण त्यांनाही आपली आळी अशीच आठवत असते.

त्यांतली एक कथा तर थेट आपल्या सह्याद्रीत घडते. नाव ‘शैलरहस्य’. ब्योमकेश महाबळेश्वरच्या हॉटेलातून अजित या आपल्या मित्राला पत्र लिहितो आहे, थंडीचे दिवस, माणसांची वर्दळ नाही, आणि रात्री खोलीत काहीतरी जाणवतं. बुद्धिवादी सत्यान्वेषीला न उलगडणारी गोष्ट समोर ठाकते, तेव्हा तो काय करतो हे वाचण्यासारखं आहे. वर ज्या सीमारेषेबद्दल मी लिहिलं, रहस्य आणि गूढ यांमधली, तिच्यावर ही कथा उभी आहे. कट्ट्यावर आम्ही ती डिसेंबरात वाचतो. बंगालीतून थेट वाचणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर त्यांना बोलवा आणि पहिलं पान मूळ भाषेत मोठ्याने वाचायला सांगा. नाही तर इंग्रजी अनुवाद आहेत.

याच शरदिंदूंनी शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मराठी मुलाच्या साहसकथाही बंगाली मुलांसाठी लिहिल्या. आपण त्यांना फारसे ओळखत नाही. ते मात्र आपल्याला चांगले ओळखत होते.

मुंबईत घडणाऱ्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्या सुचवाल का? नातीबरोबर वाचायच्या आहेत.

आनंदाने. यावर स्वतंत्र कपाट भरेल एवढं लेखन झालं आहे.

जुन्यापासून सुरुवात केली तर एच. आर. एफ. कीटिंग यांचा इन्स्पेक्टर गणेश घोटे. ‘द परफेक्ट मर्डर’ १९६४ साली आली आणि तिला ब्रिटनचा गोल्ड डॅगर पुरस्कार मिळाला. तेव्हा कीटिंग यांनी भारत पाहिलेलाही नव्हता. पहिल्यांदा ते इथे आले सुमारे दहा वर्षांनी. वाचताना कुठे कुठे खटकतं, आणि ते खटकणं हाच चर्चेचा उत्तम विषय: न पाहिलेलं शहर लेखकाने कशाच्या आधारावर उभं केलं? घोटेचा भिडस्तपणा मात्र खरा वाटतो. १९८८च्या चित्रपटात तो नसीरुद्दीन शाहने केला.

सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’, २०१८. नातीबरोबर वाचायला मी हीच देईन. १९२१ची मुंबई, पारशी कुटुंब, वडिलांच्या कचेरीत काम करणारी वकील पर्वीन मिस्त्री. पडद्यातल्या तीन विधवांशी पुरुष वकील बोलू शकत नाही, ती बोलू शकते, तिथून गोष्ट सुरू होते. पर्वीनमागची प्रेरणा आपल्याच मातीतली आहे. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ साली नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या आणि ऑक्सफर्डला कायदा शिकणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. परीक्षा दिली तरी पदवी हाती पडायला १९२२ उजाडलं, कारण १९२०पर्यंत ते विद्यापीठ स्त्रियांना पदवीच देत नव्हतं. पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेसाठी त्या वर्षानुवर्षं झटल्या. कादंबरी वाचायच्या आधी हे सांगितलं तर नात प्रत्येक प्रसंगात जास्त गुंतेल. मालिकेतलं पुढचं पुस्तक सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात घडतं, त्यापुढचं १९२१च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईला आले त्या दंगलीच्या दिवसांत.

वसीम खान यांची ‘मिडनाइट ॲट मलबार हाउस’, २०२०. स्वातंत्र्यानंतरची ताजी मुंबई, नायिका पर्सिस वाडिया ही पोलीस इन्स्पेक्टर. २०२१चा ऐतिहासिक रहस्यकादंबरीचा डॅगर तिला मिळाला. त्याच लेखकाची दुसरी मालिका निवृत्त इन्स्पेक्टर चोप्रा आणि वारशाने आलेलं हत्तीचं पिल्लू यांची. ती हलकीफुलकी आहे.

नेव्ह मार्च यांची ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’, २०२०. १८९१ साली राजाबाई टॉवरवरून पडून दोन तरुण पारशी स्त्रिया गेल्या. मुंबईभर खळबळ माजली होती. ही कादंबरी त्या घटनेवरून सुचली आहे. खऱ्या माणसांच्या मृत्यूवर कथा रचताना लेखकाने काय पाळावं, यावर आमच्याकडे दोन तास बोलणं झालं.

आजची मुंबई हवी तर कल्पना स्वामीनाथन. त्यांची लल्ली ही पोलीस खात्यातून निवृत्त झालेली, वयाने मोठी, मोजकं बोलणारी. लेखिका स्वतः शल्यचिकित्सक आहेत, त्यामुळे शरीराविषयीचं लेखन पक्कं आहे. ‘द पेज थ्री मर्डर्स’पासून सुरू करा.

अगाथा ख्रिस्तीचं कोणतं आधी वाचू?

६६ रहस्यकादंबऱ्यांतून निवडायचं म्हणजे गोंधळ होणारच. ‘अँड देन देअर वेअर नन’, १९३९, आधी घ्या. बेटावर अडकलेली दहा माणसं, एकेक कमी होत जाणारी. हिच्यावरून आपल्याकडे ‘गुमनाम’ निघाला होता. इंग्लंडमधल्या पहिल्या आवृत्तीचं शीर्षक वर्णद्वेषी होतं आणि ते बदलावं लागलं, हेही वाचकमंडळात बोलायला हवं.

‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’, १९२६, मात्र पहिली घेऊ नका. आधी प्वारो या ख्रिस्तीच्या गुप्तहेराच्या दोन-तीन कादंबऱ्या वाचा, रहस्यकथेच्या रीती अंगवळणी पडू द्या, मग ती उघडा. घाई केलीत तर तिची खरी गंमत हातातून निसटेल, आणि ती आयुष्यात एकदाच अनुभवता येते.

रहस्यकथांचं वाचनमंडळ चालवायचं कसं? शेवट कळल्यावर बोलायला उरतंच काय?

आम्हीही सुरुवातीला चुकलो. सगळे पुस्तक संपवून यायचे, ‘मला आधीच वाटलं होतं’ म्हणायचे आणि वीस मिनिटांत चहा मागायचे. मग एक पद्धत धरली आणि कट्टा बदलून गेला. आम्ही तिला ‘थांबायचं पान’ म्हणतो.

एका पुस्तकाच्या दोन बैठका. पहिल्या बैठकीला सगळ्यांनी ठरलेल्या पानापर्यंतच वाचून यायचं, पुढे एक ओळही नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या: संशय कुणावर, कशावरून, आणि कोणती गोष्ट अजून जुळत नाही. चिठ्ठ्या डब्यात बंद. मग चर्चा. दुसऱ्या बैठकीला पुस्तक संपवून यायचं आणि डबा उघडायचा. आपण कुठे फसलो, लेखकाने कुठे डोळ्यांसमोर ठेवून लपवलं, हे पानं उलटून शोधायचं. बरोबर ओळखणाऱ्यापेक्षा ‘जुळत नाही’ या रकान्यात नेमकं लिहिणाऱ्याला आम्ही पुढचं पुस्तक निवडू देतो.

थांबायचं पान नीट निवडावं लागतं. ‘हाउंड’ची १५ प्रकरणं आहेत. अकराव्याच्या शेवटी होम्सचा सोबती वॉटसन माळावरच्या दगडी झोपडीत दबा धरून बसलाय आणि बाहेर पावलं वाजतात. तिथेच थांबा. महिनाभर लोक मला रस्त्यात अडवून विचारत होते. ‘ॲक्रॉइड’च्या २७ प्रकरणांपैकी २३ झाली की थांबा.

यातून जे घडलं त्याची मला कल्पना नव्हती. साहित्यिक कादंबरीवर बोलायचं म्हटलं की आमच्याकडचे निम्मे लोक ‘आम्हाला त्यातलं काय कळतं’ म्हणून गप्प बसायचे. रहस्यकथेत प्रत्येकाचा धंदा कामाला येतो. ख्रिस्तीची ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ घेतली होती. शेजारून धावणाऱ्या गाडीच्या खिडकीत एक बाई खून होताना पाहते, अशी तिची सुरुवात. रेल्वेत गार्ड म्हणून निवृत्त झालेले एक काका, सहा महिन्यांत कधी बोलले नव्हते. ते उठले आणि दोन गाड्या बरोबरीने धावताना खिडकी समोर किती वेळ राहते, रूळ वळले की काय होतं, रात्री आतला दिवा लागलेला असेल तर किती स्पष्ट दिसतं, हे फळ्यावर काढून दाखवलं. शिलाई करणाऱ्या ताई कापडाच्या धाग्यावरून बोलतात. औषधाच्या दुकानातल्या ताई विषावर. ख्रिस्ती स्वतः पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषध विभागात काम करत होत्या आणि त्यांची विषांची माहिती तिथली आहे, हे या औषधांच्या ताईंनीच आम्हाला सांगितलं. कोणताही इतर साहित्यप्रकार माणसाला त्याच्या कामासकट असा वर्तुळात बसवत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

पुस्तकाची एकच प्रत आणि आम्ही बाराजण. कसं जमवायचं?

कथा घ्या. कादंबरी हवीच असेल तर मोठ्याने वाचा, आठवड्याला तासभर. विल्की कॉलिन्स यांची ‘द मूनस्टोन’ यासाठी सोन्यासारखी आहे. १८६८ साली ती डिकन्सच्या साप्ताहिकात जानेवारी ते ऑगस्ट अशी हप्त्याहप्त्याने छापून आली होती, त्यामुळे तुकडे आपोआप पडतात. १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत इंग्रज अधिकाऱ्याने पळवलेला हिरा, त्यामागोमाग इंग्लंडला पोचलेले तीन ब्राह्मण, आणि गोष्ट सांगणारी वेगवेगळी माणसं. एकेका निवेदकाचा भाग एकेकाने वाचायचा. त्यातल्या म्हाताऱ्या कारभाऱ्याचा भाग वाचणारे आमचे गृहस्थ अजून ‘कारभारी’ म्हणूनच ओळखले जातात.

दुसरा मार्ग म्हणजे पेटी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने पुस्तकांच्या पेट्या गटागटांत फिरवण्याची रीत महाराष्ट्रात आणि बाहेरही रुजवली. तीच रीत लहान प्रमाणात करा: बारा घरं, बारा वेगळी पुस्तकं, दर महिन्याला पुढच्या घरी. भिशीसारखंच, फक्त पैशांऐवजी पुस्तकं. थांबायचं पान यात जमत नाही, पण प्रत्येक पुस्तकात एक बंद पाकीट ठेवा आणि वाचकाने आपला संशय लिहून त्यात टाकावा. वर्षाअखेरीस सगळी पाकिटं एकदम फोडा.

कुणी शेवट फोडला तर?

आमच्याकडे पुढच्या बैठकीचा चहा त्याच्याकडे असतो. वाचनालयाच्या प्रतीत कुणी पेन्सिलीने खुन्याच्या नावाखाली रेघ मारलेली दिसली तर काउंटरवर दाखवा, आम्ही खोडून देतो. असं करू नका, एवढंच हात जोडून सांगणं.

रहस्यकथेचे काही नियम असतात म्हणे?

१९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जे स्वतः रहस्यकथाही लिहीत, दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेत लवकर दिसायला हवा पण त्याच्या मनात वाचकाला शिरू देऊ नये. भूतप्रेत चालणार नाही. चोरवाट फार तर एक. जुळा भाऊ अचानक उगवता कामा नये. शोध घेणाऱ्याने सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये. एक नियम चिनी माणसाला कथेत आणू नका असा आहे, आणि त्या काळच्या स्वस्त कादंबऱ्यांत चिनी माणूस हटकून खलनायक असे, त्याकडे त्याचा रोख होता.

नियमांची यादी भिंतीवर लावा आणि प्रत्येक पुस्तकाने कोणता मोडला ते टिपा. आमचा निष्कर्ष असा की श्रेष्ठ लेखक एखादा नियम मोडतात, पण दुवा लपवू नये हा मात्र जिवापाड पाळतात.

‘कुणी केलं’ याचाच कंटाळा आला. वेगळं काही?

केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. जपानमध्ये २००५ला आली, नाओकी पुरस्कार मिळवला. खून कुणी केला हे सुरुवातीलाच दिसतं, आणि तरीही शेवटी हातातलं पुस्तक थरथरतं. २०२३चा ‘जाने जां’ हा हिंदी चित्रपट हिच्यावरूनच. चित्रपट नंतर पाहा. जपानी लेखकांची ही परंपरा जुनी आहे. एदोगावा रांपो या आद्य लेखकाने तर एडगर ॲलन पो हे नाव जपानी उच्चारात बसवून स्वतःसाठी घेतलं. १८४१ सालच्या ज्या कथेपासून हा सगळा प्रवाह सुरू झाला असं मानतात, ती पो यांचीच.

मुलांना काय द्यावं? रक्त, मारामारी नको आहे.

फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे. भा. रा. भागवतांची ती भाषा आजच्या मुलांना थोडी जुनी वाटते, म्हणून पहिलं प्रकरण तुम्ही वाचून दाखवा. पुढचं मूल स्वतः ओढून घेतं. त्यानंतर फेलूदा. मोठ्यांनाही रक्त नको असेल तर तेच फेलूदा आणि वरची ‘मूनस्टोन’.

डोळ्यांना त्रास होतो. ऐकायला काही?

मराठी ऑडिओबुक्स आता बरीच आहेत, त्यांत गूढ आणि रहस्य भरपूर. ऐकताना मागचं पान उलटता येत नाही, म्हणून वहीत पात्रांची नावं लिहायची सवय ठेवा. आमच्या दोन ज्येष्ठ सभासद फोनवर एकमेकींना प्रकरणं वाचून दाखवतात. त्याहून सुंदर काही मी सुचवू शकत नाही.

नव्या पुस्तकांच्या आणि पुरस्कारांच्या बातम्या कुठून ठेवायच्या?

वर्षातून दोन वेळा लक्ष द्या. अमेरिकेतल्या रहस्यलेखकांच्या संघटनेचे एडगर पुरस्कार: पो यांचा वाढदिवस १९ जानेवारीला असतो, त्या सुमारास नामांकनं येतात आणि वसंतात निकाल. ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनचे डॅगर: निकाल उन्हाळ्यात. अनुवादित कादंबरीसाठी डॅगरचा वेगळा विभाग आहे आणि आम्ही आधी तोच पाहतो, कारण त्यातून आइसलँडपासून कोरियापर्यंतची पुस्तकं कळतात. २०२३ साली याच संघटनेच्या अध्यक्षपदी वर सांगितलेले वसीम खान आले. विजेत्यापेक्षा नामांकनांची यादी जास्त कामाची असते, ती छापून आम्ही सूचना फलकावर लावतो.

एखादं पुस्तक वाचनालयात नसेल तर मागवता येतं का?

काउंटरवर मागणी वही आहे, तिच्यात लिहा. लेखकाचं पूर्ण नाव, भाषा आणि कशासाठी हवं ते लिहा. ‘कट्ट्यासाठी, आठजण वाचणार’ असं लिहिलं असेल तर खरेदीच्या बैठकीत ते पुस्तक वर सरकतं, कारण आठ वाचक म्हणजे प्रत आठदा घरी जाणार. ब्योमकेशच्या कथांसाठी गेल्या वर्षभरात अकरा नोंदी झाल्या आहेत. महाबळेश्वरची कथा असलेला संग्रह आला की फलकावर चिठ्ठी लावू.